मावशी, ते 40 हजार भरू नकोस

परवा सकाळी सांगलीहून मावशीचा फोन. "अरे, अमेरिकेत भारतीयांना ग्रीन कार्डासाठी लटकवून ठेवणं बेकायदेशीर आहे म्हणे, मग तू केस का टाकत नाहीस?" फॉरवर्ड तोच, जो मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय: अमेरिकेत देश बघून भेदभाव करायला कायद्यानं बंदी आहे, कोर्टात मँडमस (सरकारी ऑफिसला अडलेलं काम करायला लावा, असा अर्ज) टाका आणि 60 दिवसांत ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना, घ्या, नाहीतर कॅनडाचं नागरिकत्व घ्या म्हणजे भारताची रांगच सुटते. खाली एका कन्सल्टंटचा नंबर, नाव नोंदवायला 40 हजार. ती भरायला निघाली होती, म्हणून हे लिहितोय.

तर तो कायदा. इमिग्रेशन कायद्याचं कलम 202, 1965 पासून आहे, इमिग्रंट व्हिसा देताना राष्ट्रीयत्व किंवा जन्मठिकाण बघून भेदभाव करायचा नाही असं त्यात खरंच लिहिलंय, एवढं मान्य. पण या पठ्ठ्यानं वाक्याची सुरुवातच कापलीय! ते वाक्य सुरूच होतं ठरावीक अपवाद वगळून, आणि त्यातला एक अपवाद म्हणजे लगेच खालचा परिच्छेद, ज्यात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे ज्या कलमाच्या जोरावर रांग मोडायला निघालात ती रांग त्याच कलमानं लावलीय. नोकरीवाली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, त्याचे 7 टक्के 9,800, इतरांची उरली तर थोडी जास्त, आणि त्यातच बायकापोरंही मोजतात. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, ऑक्टोबर 2016 आहे, हिशोब तुम्हीच करा.

कॅनडा तर कहरच. रांग पासपोर्टवर नाही, जन्म कुठे झाला त्यावर ठरते. मिरजेत जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला तरी भारताच्याच रांगेत. हां, बायको मस्कतला जन्मलेली असेल तर तिच्या रांगेत उभं राहता येतं, पण ते फॉरवर्डमध्ये नाही, कारण त्याला कन्सल्टंट लागत नाही.

मँडमस खोटं नाही. तुमची तारीख लागलीय, म्हणजे रांगेत तुमची पाळी आलीय, आणि फाईल उगाच पडून आहे, तर कोर्ट "निर्णय द्या" म्हणू शकतं. "मंजूर करा" नाही म्हणत, आणि तारीखच लागली नसेल तर ऑफिसर तरी कुठून देणार?

आणि ज्या बातम्यांचे स्क्रीनशॉट चिकटवलेत त्या वेगळ्याच आहेत. डिसेंबर 2025 मध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे हे अर्ज बघणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्यानं, 19 देशांच्या लोकांचे अर्ज रोखले, नंतर यादी 39 वर गेली, खटले त्यावर चाललेत. भारत त्या यादीत नाहीच.

हा 7 टक्क्यांचा कोटा काढायचा तर अमेरिकेच्या संसदेनंच. 2019 ला तिथल्या खालच्या सभागृहानं, हाऊसनं, 365 विरुद्ध 65 नं तसं बिल पास केलं, 2020 च्या डिसेंबरात वरच्या सभागृहानं, सिनेटनं, आपलं वेगळं केलं, दोन्हींचा मेळ बसला नाही, संपलं.

हे सगळं ऐकून मावशी म्हणते, "पण तो माणूस फार चांगलं बोलत होता रे." नंबर ब्लॉक करायला लावलाय.