पोरं पुण्याला पळतात म्हणणाऱ्या साहेबांसाठी

कोल्हापुरातल्या स्ट्रक्चरल कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या कॉलम-बीमचं गणित करून देणाऱ्या साहेबलोकांचं एकच रडगाणं असतं, "इंजिनिअर पोरं टिकत नाहीत हो. जरा शिकली की पुण्याला पळतात." साहेब, तुमचेच उपाय कुठंतरी कमी पडतायत. खालचे नेमानं करा, पोरगं हलणार नाही.

पगार सात तारखेला द्यायचा. महिना सांगायचा नाही.

अपॉइंटमेंट लेटर मागितलं की हसायचं आणि चहा मागवायचा.

साईट कागलला असो नाहीतर गडहिंग्लजला, गाडी पोराची आणि पेट्रोलही पोराचंच. बिल पुढं केलं तर "ठेव तिथं" म्हणायचं. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि मी पलीकडं अडकलो. ते दिवस बिनपगारी लागले. बरोबरच आहे, पंचगंगेला आधी विचारून निघायला पाहिजे होतं.

आता सगळ्यात मोठा उपाय. आर्किटेक्टला कधी नाही म्हणायचं नाही. गेल्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता फोन आला. पार्किंगमध्ये गाडी वळत नाही, एक कॉलम फुटभर सरकवा. साहेब फोनवरच म्हणाले, "हो हो, दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटं! पाच मजले पेलणारा कॉलम म्हणजे काय तुळशीची कुंडी आहे, उचलली आणि इकडं ठेवली? त्या कॉलमवर 100 टन येतात. पाया जागेवर ठेवून तो 300 मिलिमीटर सरकवला की पायावर 30 टन-मीटरचा मोमेंट, म्हणजे त्याला कलवू बघणारा जोर, बसतो. म्हणजे फूटिंग, कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, नव्यानं. बाजूच्या बीमचा स्पॅन, म्हणजे दोन कॉलममधलं अंतर, 4.2 मीटरचा 4.5 होतो, आणि तेवढ्यानंच त्याचं वाकणं तिसऱ्या हिश्श्यानं वाढतं. म्हणजे बीम नव्यानं. मग कॉम्प्युटरवरचं मॉडेल परत रन करा, सळईचं शेड्यूल परत काढा, ड्रॉइंगवर आर-6, म्हणजे सहावी दुरुस्ती, लिहा. आर-5 शुक्रवारीच साईटवर गेलं होतं आणि खड्डेही काढून झाले होते. रात्री दोन वाजता पाठवलं. उत्तरात साहेबांचा अंगठा आला. नुसता अंगठा.

रविवारी सकाळी सातला साईटवर. फोरमन दोन्ही ड्रॉइंगं हातात धरून उभा, "सायेब, ह्यातलं कंचं खरं?" तेवढ्यात मालक आले, बरोबर वास्तूवाले. त्यांनी होकायंत्र फिरवलं आणि कॉलम होता तिथंच बरा म्हणाले. पाकीट त्यांना तिथल्या तिथं मिळालं. आमच्या ऑफिसचं बिल दिवाळीपासून अडकलंय, पण वास्तूला उधारी चालत नसावी. आणि मग साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरानं जरा घाई केली."

घाई मी केली? फोनवर हो कोण म्हणालं होतं? सर्टिफिकेटवर सही तुमची, फी तुमची, बोर्डावर नाव तुमचं, आणि चार लोकांत चूक तेवढी माझी? "खड्डे काढून झालेत, सोमवारी बघून सांगतो," एवढं एक वाक्य तुमच्या तोंडातून निघत नाही? शेजारचा कन्सल्टंट चौरस फुटाला रुपया कमी घेतो म्हणून तुम्ही दोन कमी करता, आणि ते दोन रुपये आमच्या रविवारातून वसूल करता. लाज वाटायला पाहिजे. पुण्याला कोणी हौसेनं जात नाही. चौघांत एक खोली आणि गोडसर मिसळ, कशाला जाईल कोण? तरी जातात. उद्या मी गेलो तर कोल्हापूरच्या पोरांना दम नाही असं कुणाला सांगत फिरू नका.

आणि मार्चचं पेट्रोलचं बिल अजून तिथंच ठेवलंय.