चुंबक चिकटलं म्हणून स्टील नकली होत नाही

‘खऱ्या स्टेनलेस स्टीलला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर लोखंडाची भेसळ समजा. अस्सल स्टीलला गंज कधीच लागत नाही. भंगारातून बनवलेलं स्टील घेऊ नका. सर्वांना पाठवा.’

हा फॉरवर्ड मी इतके दिवस न वाचता पुसून टाकायचो. परवा तो मेहुण्याकडून आला. त्याचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. खाली त्याने लिहिलं होतं, ‘आज माल असाच तपासला. एल्बो परत पाठवतोय, पाइप चांगला आहे.’ (एल्बो म्हणजे पाइपला वळण देणारा जोड.) मग गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिलं, ही ‘लोखंडाची भेसळ’ काय भानगड आहे? स्टेनलेस स्टील मुळात लोखंडच असतं. ज्या ३०४ ग्रेडची सगळे शपथ घेतात, त्यात क्रोमियम साधारण १८ टक्के, निकेल ८ टक्के आणि बाकी बहुतेक सगळं लोखंड. स्टेनलेस कशाला म्हणायचं, हे युरोपच्या ईएन १००८८ या मानकात लिहिलेलं आहे: क्रोमियम किमान १०.५ टक्के, कार्बन फार तर १.२ टक्के. त्या व्याख्येत चुंबक नाही, निकेलसुद्धा नाही. ४३० ग्रेडमध्ये निकेल जवळपास नसतंच, चुंबक खटकन बसतं, आणि तरी ते रीतसर स्टेनलेस असतं. १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअरली यांनी जे प्रसिद्ध पोलाद ओतलं, त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम होतं. त्या जातीच्या पोलादालाही चुंबक चिकटतं. म्हणजे या फॉरवर्डच्या हिशेबाने ब्रिअरलीही भेसळवालेच!

बरं, अस्सल ३०४ला तरी चुंबक अजिबात लागत नाही का? पत्र्यातून खोल ओढून काढलेलं एखादं सिंक घ्या. सपाट तळावर चुंबक घसरतं. कोपऱ्यात नेलं की बोटांना हलकी ओढ जाणवते. पत्रा तोच. ओढताना कोपऱ्यात तो सगळ्यात जास्त ताणला जातो, तिथल्या ऑस्टेनाइटचा (चुंबकाला न धरणाऱ्या स्फटिकरचनेचा) काही भाग मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत बदलतो, आणि मार्टेन्साइट चुंबकाला धरतं. तो तुकडा १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटकन थंड केला की ओढ गेली. थंड अवस्थेत वाकवून, दाबून घडवलेल्या एल्बोचंही हेच होतं.

आता खरा घोळ. चुंबक न चिकटण्यासाठी निकेलच भरपूर लागतं असं नाही. मँगनीजनेही ते काम भागतं. २०२ ग्रेडमध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १० टक्के. चुंबक लागत नाही, दिसायला हुबेहूब ३०४, गंजाला मात्र कमी टिकतं. ३०४च्या नावाखाली खपवायला याहून सोयीचा माल नाही, आणि नेमका तोच या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतो.

मी एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणारं यंत्र, घेऊन गेलो. नाकारलेल्या एल्बोवर टेकवली, काही सेकंदांत आकडा: निकेल ८.१. स्वीकारलेल्या पाइपवर टेकवली: निकेल ४.३, मँगनीज ८ च्या वर. मेहुणा स्क्रीनकडे बघत राहिला. (हातातली ही गन कार्बन मोजत नाही. ३०४ आणि कमी कार्बनचं ३०४एल वेगळं करायचं असेल तर स्पार्क स्पेक्ट्रोमीटर लागतो. पण इथे तेवढं खोलात जायची वेळच आली नाही.)

एक मान्य करतो, नाइलाजाने. भंगाराच्या यार्डात चुंबक खरंच वापरतात. तिथे ढीग भराभर वेगळे करायचे असतात, त्यापुरतं ते ठीक. ग्रेड ठरवायला नाही.

गंजाचं म्हणाल तर, क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर स्टीलला वाचवतो आणि मिठातलं क्लोराइड तो फोडतं. साध्या लोखंडावर चालवलेला वायर ब्रश ३०४वर फिरवा, त्याला लागलेले लोखंडाचे कण तिथे चिकटतात आणि चार दिवसांत तांबूस डाग. आणि भंगार? जगभर स्टेनलेसच्या भट्ट्यांत भंगार पडतंच; पुढे आर्गॉन-ऑक्सिजन फुंकून कार्बन काढतात आणि रसायन जुळवून मगच ओततात.

मेहुण्याने एल्बो गाडीतून उतरवून घेतले. पाइपवर हीट नंबर (भट्टीतल्या कुठल्या ओतीचा माल, तो क्रमांक) शोधला, सर्टिफिकेटशी जुळवायला. छापलेलाच नव्हता.