टॅब आणि शिक्षक : माझ्याच संदेशाविषयी खुलासा

दिल्लीतील माइंडस्पार्क या संगणकीय अध्ययन-प्रणालीच्या अभ्यासाविषयी मी परभणी-हिंगोलीकडच्या शिक्षकांच्या गटांवर लिहिले होते. तो मजकूर आता ‘वर्गात टॅब द्या, शिक्षकाविना गणित ३७ टक्क्यांनी सुधारते, हे सिद्ध झाले’ अशा रूपात फिरत आहे. अभ्यासाचा निष्कर्ष हा नाही. मी फार त्रोटक लिहिल्यामुळे गैरसमजाला वाव मिळाला, हे मान्य करतो.

‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेला मूळ लेख मी पुन्हा वाचला. शाळेबाहेरच्या केंद्रांवर मुले ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात शिक्षण-साहाय्यकाजवळ बसत, म्हणजे माणूस तेथे होताच. प्रवेश चिठ्ठ्या काढून दिला गेला, चाचणी प्रणालीबाहेर कागदावर घेतली गेली (सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच सॉफ्टवेअरने घेणे मला तरी पटत नाही), आणि साडेचार महिन्यांनी चिठ्ठीत नाव निघालेल्यांचे गुण इतरांपेक्षा गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाने अधिक भरले. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप, टक्के नव्हेत. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि प्रणाली प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीचे प्रश्न देत होती. उलट पेरूमध्ये मुलांना नुसते लॅपटॉप वाटल्यावर गणित-भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही.

शाळेसाठी टॅब घेण्याच्या चर्चेत तो संदेश पुरावा म्हणून दाखवू नये, पुढे पाठवू नये, आणि जेथे पाठवला असेल तेथे हा खुलासा द्यावा, ही विनंती.