‘मन घट्ट करा, गळती थांबेल’ म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मजकूर जोरात फॉरवर्ड होतोय: लघवी-शौचावरचा ताबा म्हणजे निव्वळ निग्रह, कपडे ओले होत असतील तर मन घट्ट करा आणि पाणी कमी प्या. वाचायला सोपा आहे, म्हणून पसरतो.

‘निव्वळ निग्रह’ कसा? मूत्राशय भरत असताना त्याला सैल ठेवण्याचं काम सिंपथेटिक नसा करतात, आपल्या नकळत. आपल्या हुकमात असतो तो मूत्रमार्गाभोवतीचा बाहेरचा स्नायू. रिकामं करायची वेळ आली की मेंदूच्या बुंध्यातलं एक केंद्र मूत्राशयाला आवळायला आणि त्या स्नायूला सैल व्हायला एकदमच सांगतं. ब्रिटिश मूत्ररोगतज्ज्ञ बॅरिंग्टनने हे केंद्र १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झाली की हा मेळ तुटतो. मूत्राशय आवळतो, दार मात्र बंदच. आतला दाब वाढून किडनीवर बेततं. तिथे मन घट्ट करून काय होणार? निरोप खाली पोचतच नाही.

‘गळतंय, म्हणून पाणी कमी प्या.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. माकडहाडाजवळच्या नसा दुखावल्या, किंवा जुन्या मधुमेहाने नसा निकामी होत गेल्या, तर मूत्राशय आवळतच नाही. तो तुडुंब भरतो आणि वरचं थेंब थेंब बाहेर येतं. कपडे ओले, आत मात्र अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त लघवी तुंबलेली! लघवी करून आल्यावर सोनोग्राफी केली की हे लगेच दिसतं. उपाय बहुतेकदा ठरल्या वेळी नळी घालून मूत्राशय रिकामं करणं. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालतं, हे अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये मांडलं. पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ वाढतं आणि गच्च भरलेलं मलाशय मूत्राशयाला आणखी अडवतं.

‘आतडी मनाचं ऐकतात’ हेही अर्धवटच. आतड्यांच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं; मज्जारज्जू तुटला तरी ते चालू राहतं. जेवणानंतर मोठं आतडं हलतं, म्हणूनच अशा रुग्णांना जेवणानंतर अर्ध्या तासाने शौचाला बसवतात.

कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतली, बसायची जागा बधिर झाली आणि लघवी अडली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा. तिथे तासांचा उशीरही महागात पडतो.