नदी लांब आहे म्हणे

"अहो, नदी इथून तीन किलोमीटर लांब. आपल्याला कसला पूर?" आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य दर पावसाळ्याआधी एकदा तरी होतंच. बोलणारे काका सज्जन आहेत, हिशेबाला पक्के आहेत. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं पाणी सोसायटीत शिरलं, तेव्हा आम्ही दोघं एकाच जिन्यात टॉर्च धरून उभे होतो. पार्किंगमधल्या स्कूटर तरंगत एकमेकींवर आपटत होत्या. लिफ्टच्या खड्ड्यातला गाळ उपसायला चार दिवस लागले. नदी तेव्हाही तीन किलोमीटर लांबच होती.

काकांचा दोष नाही. पुणेकराला पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ चं पानशेतच आठवतं: धरण फुटलं, मुठेला पाणी आलं, काठावरचे वाडे गेले. म्हणजे पूर हे काठावरच्यांचं दुखणं. बाकीच्यांनी पुलावर जाऊन बघायचं.

मागच्या आठवड्यात सकाळीच जुन्या कात्रज बोगद्यापाशी जाऊन आलो. भुरभुर पाऊस होता. बोगद्याच्या वरची जी डोंगराची धार आहे ना, तिच्यावरचा थेंब पुण्याच्या बाजूला कलला की आधी ओघळ, मग ओहोळ, मग ओढा. आंबिल ओढ्यातून मुठेत, पुढे मुळा-मुठा, मग भीमा, मग उजनीचं धरण. तोच थेंब जरा पलीकडे पडला तर शिवगंगेत जातो. शिवगंगा गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला. आणि एवढं वेगळं फिरून दोघं भेटतात कुठे, तर नीरा-नरसिंहपूरला! तिथून पुढे पंढरपूर. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, तुकोबांची लोणी-यवतच्या रस्त्याने, आणि वाखरीला सगळे एकत्र येतात, तसंच हे. फक्त पुण्यावरून जाणारा थेंब आमचं सांडपाणी सोबत घेऊन जातो. उजनीच्या पाण्याला जी हिरवी साय येते, तिच्यात आमच्या मोरीचा वाटा आहे. आणि आषाढीला चंद्रभागेत हात जोडून उभे राहणारेही आम्हीच.

डोंगराच्या अशा दोन धारांच्या मधला सगळा उतार म्हणजे पाणलोट. त्यातली गच्ची, रस्ता, शाळेचं मैदान, सगळं नदीचंच अंग. आपला काळा कातळ पाणी फारसं पीत नाही. मुरतं ते वरच्या मातीत, मुरमात आणि कातळाच्या भेगांत. म्हणून पाणलोटाचं काम करणारे 'माथा ते पायथा' म्हणतात. आधी वरच्या उतारावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), गवत, झाडं. मग ओघळीत दगडी बांध. नाल्यावरचा बंधारा सगळ्यात शेवटी. हिवरे बाजार या गावाने नव्वदच्या दशकात हेच केलं, शिवाय चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. वरच्या उतारावर पाणी मुरवलं की ते खाली विहिरीत महिनोन् महिने झिरपत राहतं. नदी उन्हाळ्यात वाहते ती या झिरप्यावर. पाऊस तर कधीच संपलेला असतो.

आम्ही नेमकं उलटं करतो. माथा फोडायचा, ओढ्याला भिंती घालून पन्हळ करायची आणि पायथ्याला नदीकाठी दिवे, बाकं, सेल्फी पॉइंट. मला बाकांचा राग नाही, मीही बसेन. पण जून २०१३ मध्ये कात्रज घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीला फोडलेल्या डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात माय-लेक वाहून गेल्या. २०१९ मध्ये अलीकडची बाजू. डोंगर तोच.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच आंबिल ओढ्याचं पाणी कात्रजला तलाव बांधून अडवलं आणि दगडी नळातून शहरातल्या हौदांत आणलं. शहर ज्याचं पाणी प्यायलं, त्याला आता आम्ही 'नाला' म्हणतो आणि नाक दाबून पूल ओलांडतो.

हे सगळं आज लिहायचं कारण अगदी घरगुती आहे. रविवारी मीटिंग आहे. विषय क्रमांक ४: इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवणे, कारण चिखल होतो. जागा साधारण ४०० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एखाद्या जोरदार सरीत ५० मिलिमीटर पडला तर तेवढ्या जागेवर २० हजार लिटर. आत्ता त्यातलं बरंचसं मातीत जातं आणि आमच्या बोअरला उपयोगी पडतं. फरशी टाकली की जवळजवळ सगळं गेटबाहेर, तिथून गटारात, तिथून ओढ्यात.

२० हजार लिटर म्हणजे १० हजारवाले दोन टँकर. मे महिन्यात आम्ही टँकर विकत घेतो आणि त्याचा हिशेब काकाच ठेवतात. त्यामुळे रविवारी त्यांना नदीबद्दल एक शब्द बोलणार नाहीये. टँकरची बिलं तेवढी समोर ठेवणार आहे.