माऊसच्या मागे चमक्या

जळगावात वेबसाइट बनवायला बसा, गिऱ्हाईक सराफ असो की रावेरचा केळीवाला, फर्माईश एकच : "भाऊ, माऊस फिरवला की मागे चमक्या उडाल्या पाहिजेत!"

अहो, तुमचं गिऱ्हाईक माऊस आणणार कुठून? ते बागेत उभं राहून मोबाइलवर केळीचा भाव बघतंय. बोटाला होव्हर, म्हणजे न दाबता नुसतं वरून फिरणं, नसतं! हे सांगितलं की उत्तर ठरलेलं, "पुण्यावाल्यांच्या साइटवर आहे ना."

बरं, चमक्या फुकट उडत नाहीत. माऊस हलल्याची वर्दी, म्हणजे माऊसमूव्ह इव्हेंट, एका सेकंदात कितीतरी वेळा सुटतो. दर वेळी चमकीचं लेफ्ट-टॉप, म्हणजे डावीकडून-वरून अंतर, बदललं की ब्राउझर लेआउटचं, पानाच्या मांडणीचं, गणित परत मांडत बसतो. म्हणून मांडणीला धक्का न लावता चमकी सरकवणारं ट्रान्सफॉर्म वापरा, स्क्रीन नव्याने रंगवताना एकदाच काम करू देणाऱ्या रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमने लगाम घाला. शिवाय चमकी कर्सरच्या खालीच, त्यामुळे क्लिक तीच गिळते. तिला पॉइंटर इव्हेंट्स नन, म्हणजे क्लिक आरपार जाऊ देणारी सेटिंग, लावा, नाहीतर 'संपर्क' बटण नुसतं शोभेला.

एवढं निस्तरून दाखवावं, तर मे महिन्याच्या 45 डिग्रीत शेठच्या जुनाट कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागतो. "साइट जड केली भाऊ तुम्ही."

काढू का मग चमक्या?

"छे! त्या राहू द्या. फक्त पिवळ्या नको, सोनेरी करा."