जकात घ्यायला कोणी उरले नव्हते?

दर रमजानमध्ये एक संदेश हमखास फिरतो : खलिफा उमर इब्न अब्दुल अझीझ यांच्या राज्यात जकात घ्यायला गरीबच उरला नव्हता. (आपल्याकडे जकात म्हटले की आधी जकात नाका आठवतो, इथे मात्र ठरावीक मर्यादेवरील आणि वर्षभर टिकलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा अभिप्रेत आहे.)

मूळ कथा उत्तर आफ्रिकेतली. तिकडे वसुलीला गेलेले याह्या इब्न सईद सांगतात की, जकात जमली, पण घेणारा सापडेना, म्हणून त्या पैशांत गुलाम विकत घेऊन त्यांना मुक्त केले. हे शेवटचे वाक्य संदेशातून बहुधा गळलेले असते. कुराणाने सांगितलेल्या खर्चाच्या आठ बाबींत गुलामांची सुटका आहेच, त्यामुळे याह्यांनी नियमाबाहेर काही केले नाही. पण जिथे माणसे विकायला होती तिथे गरीब नव्हते असे म्हणताना मोजले कोणाला, हा प्रश्न उरतोच.

उमर यांची कारकीर्द ७१७ ते ७२०, जेमतेम अडीच वर्षांची. एवढ्या अवधीत केवळ वाटपाने दारिद्र्य हटले, हे मला पटत नाही. त्यांचा दुसरा निर्णय मला अधिक मोलाचा वाटतो : इस्लाम स्वीकारल्यावरही ज्यांच्याकडून जिझिया, म्हणजे मुस्लिमेतरांवरचा कर, उकळला जात होता, त्यांची त्यांनी त्यातून सुटका केली. खजिना आटेल, अशी ओरड झाली तेव्हा, अल्लाहने मुहम्मदांना वाट दाखवायला पाठवले, कर गोळा करायला नव्हे, असे त्यांनी कळवल्याचे जुने इतिहासकार नोंदवतात. गरिबाला किती दिले याच्या कथा होतात, त्याच्याकडून किती घ्यायचे थांबले याच्या फारशा होत नाहीत.

वक्फाचेही, म्हणजे धर्मादाय कामासाठी कायमची राखून ठेवलेल्या मालमत्तेचेही, तसेच आहे. ऑटोमन सुलतान सुलेमानची पत्नी हुर्रेम हिने १५५२ च्या सुमारास जेरुसलेममध्ये काढलेले अन्नछत्र पाहा. सकाळी तांदळाची पेज, संध्याकाळी भरडलेल्या गव्हाची, सोबत रोटी. शुक्रवारच्या आदल्या रात्री मटण-भात आणि केशर घातलेला गोड भात. चारशे गरजूंची सोय दानपत्रातच लिहिलेली होती आणि ती शतकानुशतके चालली, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र वाढताना आधी नोकर आणि तिथे राहणारे, गरिबांच्या वाट्याचा डाव शेवटी. आणि ज्या धान्यावर ती चूल पेटत होती, ते रमला शहराच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून महसूल म्हणून येत होते.